धडधडीची चौकशी

विशी-पंचविशीतल्या धडधाकट पोराच्या छातीत अचानक धडधड सुरू झाली, की मुखेडसारख्या तालुक्याच्या गावात पुढचे सारे जवळजवळ ठरलेले असते. जवळचा दवाखाना, बीपी, एक सलाईन. ईसीजीचे यंत्र हाताशी असलेच तर पट्टी निघते, पण तोवर ठोके ताळ्यावर आलेले असतात आणि पट्टी स्वच्छ येते. मग कुणाची तरी गाडी ठरवून नांदेड गाठायचे, साधारण सत्तर किलोमीटर. उदगीर-जळकोटकडे सोयरे असतील तर लातूर, ऐपत असेल तर थेट हैदराबाद. तिथे टू-डी इको होतो, ट्रेडमिलवर पळवतात, रक्त तपासतात. तिशीही न गाठलेल्या माणसाची कधीकधी अँजिओग्राफीही होते. सगळे नॉर्मल आले की ‘टेन्शन घेऊ नका’ एवढा सल्ला आणि प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्टांचा गठ्ठा घेऊन माणूस गावी परततो. या सगळ्या धावपळीत चार साधे प्रश्न बहुतेक वेळा विचारायचे राहून जातात. धडधड सुरू झाली तेव्हा तू काय करत होतास? ती हळूहळू वाढली की एकदम लागली, आणि थांबली कशी? शुद्ध गेली होती का? घरात कुणी तरुणपणी, ध्यानीमनी नसताना गेले आहे का? या पुस्तिकेचे म्हणणे असे, की निदानाच्या कामी सर्वांत मोलाचे हे प्रश्न आहेत. त्यांच्या खालोखाल धडधड चालू असताना काढलेली ईसीजीची पट्टी. आणि मोठी यंत्रे त्यानंतर. आपण हा क्रम नेमका उलटा लावला आहे. गरिबीत भागवायची सोय म्हणून हा क्रम सुचवलेला नाही. सर्व सोयींनी सज्ज असलेल्या इस्पितळातला हृदयतालाचा तज्ज्ञसुद्धा याच क्रमाने विचार करतो.

आधी हे समजून घ्यायला हवे, की ताल चुकणे हा मुळात रोग नव्हे. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साठ ते शंभर वेळा तो विजेचा सूक्ष्म इशारा देतो. इशारा वरच्या कप्प्यांतून मधल्या गाठीपाशी येतो, तिथे क्षणभर अडतो आणि मग खालच्या कप्प्यांत पसरतो. दिवसाला सुमारे एक लाख वेळा हे घडते. पण इशारा देण्याची ताकद त्या एकाच पुंजक्याची मक्तेदारी नाही. हृदयाच्या स्नायूतला कुठलाही ठिपका मधूनच आपला ठोका टाकू शकतो. असा ठोका वेळेआधी पडतो, त्यामागे जरा मोठा खंड पडतो, तेवढ्यात हृदय जास्त भरते आणि पुढचा ठोका जोरात बसतो. माणसाला जाणवतात ते तो खंड आणि तो जोर; ‘ठोका चुकला’ असे तो सांगतो ते यालाच. १९७७ साली अमेरिकेत हृदयविकार नसलेल्या ५० वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हृदयाची चोवीस तास सलग नोंद घेतली, तेव्हा निम्म्या पोरांच्या खालच्या कप्प्यांत असे अवेळी ठोके सापडले, वरच्या कप्प्यांत निम्म्याहून थोड्या अधिकांच्या. १९८५ मधला दुसरा अभ्यास आणखी धीटपणे बोलतो. ताशी सरासरी ५६६ अवेळी ठोके पडणाऱ्या, पण हृदयात दुसरा दोष नसलेल्या ७३ जणांवर सरासरी साडेसहा वर्षे लक्ष ठेवले, आणि त्यांचे आयुष्य इतर निरोगी माणसांसारखेच निघाले. पुढच्या काळात याला एक पुरवणी जोडावी लागली. दिवसभरातल्या एकूण ठोक्यांत असे ठोके दहा टक्क्यांच्या वर, विशेषतः चोवीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत गेले आणि वर्षानुवर्षे तसेच राहिले, तर काहींचे हृदय सैलावते. तेव्हा मोजणी करावी, इको करावा. पण रात्री कुशीवर झोपल्यावर दोन-चार ठोके चुकले म्हणून गाडी करून नांदेडला धावण्याचे कारण नाही. तरण्या पोराचे ठोके श्वासाबरोबर जलद-मंद होतात, तेही यंत्र कधीकधी ‘ताल अनियमित’ म्हणून छापते, आणि त्या एका ओळीने घराची झोप उडते.

दुसरा प्रकार अधिक घाबरवणारा, तरीही बहुधा जिवावर न बेतणारा. यात ठोके एकाएकी दीडशे, दोनशे, क्वचित त्याहून वर जातात आणि तसेच एकाएकी थांबतात. कारण असते विजेच्या वाटेतला एक जादा फाटा. काहींना तो मधल्या गाठीतच असतो, काहींना वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारा वेगळा धागा जन्मतः राहून गेलेला असतो. इशारा एका वाटेने खाली जातो, दुसरीने वर येतो आणि गोल फिरत राहतो. बॉस्टनचे लुई वोल्फ आणि पॉल डडली व्हाइट, लंडनचे जॉन पार्किन्सन यांनी १९३० साली अशा ११ रुग्णांवर निबंध लिहिला. निबंधाच्या शीर्षकातच ही माणसे निरोगी आणि तरुण असल्याचे नमूद आहे. म्हणजे आपल्या विषयाचे हे दालन शंभरीला आले. आज त्या फाट्यावर मांडीतल्या शिरेतून तार नेऊन उष्णतेने तो बंद करता येतो आणि शंभरातल्या पंचाण्णवांच्या आसपास रुग्णांना पुन्हा त्रास होत नाही. झटका थांबवायची एक युक्ती तर जवळजवळ फुकटात होते. २०१५ साली इंग्लंडमधल्या इस्पितळांत ४२८ रुग्णांवर ती पारखली गेली. रुग्णाने अर्धवट बसून दहा मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये तिचा दट्ट्या हलेल इतक्या जोराने पंधरा सेकंद फुंकायचे. लगेच त्याला आडवे करून दोन्ही पाय उचलून पंधरा सेकंद धरायचे. नुसते बसून फुंकण्याने शंभरातल्या सतरांचा झटका थांबला होता, या रीतीने त्रेचाळिसांचा. बाऱ्हाळी, जांब, मुक्रमाबाद इथल्या आरोग्य केंद्रात सिरिंजही आहे आणि खाटही आहे. फक्त रुग्ण शुद्धीवर हवा, बीपी पडलेले नको, आणि फुंकायला सांगण्याआधी पट्टी काढून ठेवलेली हवी.

पट्टीचे मोल इथे नीट कळते. गुलाबी रेघोट्यांचा तो कागद यंत्रातून सेकंदाला पंचवीस मिलिमीटर या वेगाने सरकतो. मोठ्या चौकटीची रुंदी म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. दोन ठोक्यांत दीड चौकट भरली तर नाडी दोनशेच्या घरात आहे. ठोके समान अंतरावर आहेत की विस्कळीत, अरुंद आहेत की पसरट, एवढे दोन मुद्दे पाहिले तरी तज्ज्ञाच्या मनातली अर्धी यादी खोडली जाते. धडधड थांबल्यावर नांदेडला काढलेल्या दहा पट्ट्या हे सांगू शकत नाहीत, आणि इकोही सांगत नाही. इको हृदयाची बांधणी दाखवतो, ताल दाखवत नाही. म्हणून धडधड सुरू झाल्यावर सर्वांत मोठ्या डॉक्टरकडे धावण्यापेक्षा सर्वांत जवळच्या ईसीजी यंत्राकडे धावणे शहाणपणाचे आहे, मग ते आरोग्य केंद्रातले असो, मुखेडच्या उपजिल्हा रुग्णालयातले असो की पॅथॉलॉजीच्या शेजारच्या खोलीतले. एक बारीक गोष्ट आणखी. हा कागद उष्णतेवर उमटणारा असतो. प्लास्टिकच्या पिशवीत, पत्र्याखाली, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो काही महिन्यांत फिकट पडतो आणि नेमकी हवी तेव्हा रेघ दिसत नाही. निघाल्या निघाल्या मोबाइलवर त्याचा सपाट, पूर्ण फोटो काढून तारीख-वेळेसह ठेवावा. फोटोला खर्च नाही, आणि पुढच्या पाच हजारांच्या तपासण्या त्याने वाचू शकतात.

पट्टी वेळेवर न निघाल्याचा तोटा बायकांना जास्त बसतो. १९९७ साली अमेरिकेत अशा झटक्यांच्या १०७ रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिकांचे निदान पहिल्या तपासणीत हुकल्याचे दिसले. त्यांतल्या अनेकांच्या त्रासावर घबराट किंवा मानसिक ताण असा शिक्का बसला होता, आणि तो पुरुषांपेक्षा स्त्रियांवर जास्त. आपल्याकडे असा अभ्यास झाला असता तर आकडा सौम्य निघाला असता असे मानायला आधार नाही. नव्या सुनेची धडधड म्हणजे सासरी मन रमत नाही, पोरीची धडधड म्हणजे परीक्षेची भीती, आणि फारच झाले तर बाहेरचे काही. घबराटीतही धडधड होते, हे खरेच. पण घबराटीतले ठोके चढत जातात आणि हळूहळू उतरतात, ते दीडशेच्या वर क्वचित राहतात. फाट्याची धडधड कळ दाबल्यासारखी सुरू होते आणि तशीच बंद होते. हा फरक रुग्णाला विचारूनच कळतो.

आता खऱ्या धोक्याकडे वळू. अडचण अशी, की सर्वांत धोकादायक विकार सर्वांत गप्प असतात. हृदयाचा स्नायू जन्मजात जाड होण्याचा विकार साधारण पाचशेत एकाला असतो. ठोक्यानंतर विजेची घडी पुन्हा बसायला जास्त वेळ लागतो, तो लांब क्यू-टीचा विकार सुमारे दोन हजारांत एकाला. याखेरीज १९९२ साली ब्रुगाडा बंधूंनी आठ रुग्णांवरून वर्णिलेला, तापात उफाळणारा विकार आहे. आणि केवळ धावण्याने किंवा भीतीने खालचे कप्पे बेताल होतात असाही एक आहे. यांतल्या अनेकांना आयुष्यात धडधड जाणवलेलीच नसते. पहिली खूण म्हणजे पळता पळता कोसळणे. रोज छाती धरून बसणारा पोरगा बहुधा सुरक्षित असतो आणि एकदाच, मैदानावर, काही न सांगता पडून आपोआप उठलेला पोरगा धोक्यात असू शकतो. भीतीचे माप आणि धोक्याचे माप इथे जुळत नाही. या पुस्तिकेचा सगळा खटाटोप त्यासाठी आहे. बेशुद्धी सरसकट वाईट नसते. रांगेत तासभर उभे राहून, रक्त पाहून, उपाशीपोटी लग्नाच्या मांडवात डोळ्यांपुढे अंधारी येऊन, घाम फुटून पडलेला माणूस आडवा होताच सावरतो. तरुणांतल्या बहुतेक घेऱ्या या जातीच्या. मात्र ऐन धावताना, पोहताना, एकाएकी मोठ्या आवाजाने, किंवा पडून असतानाच शुद्ध हरपली, तर ‘पोरगं अशक्त आहे, ग्लुकोज पाजा’ म्हणून विषय मिटवू नये. ती घेरी हृदयाची आहे असे धरूनच पुढे जावे.

आणि घराण्याचा प्रश्न. जाड स्नायू आणि लांब क्यू-टी यांचे नेहमीचे प्रकार आई किंवा बापाकडून येतात, आणि प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. पण ‘घरात कुणाला हृदयविकार आहे का’ असे विचारले की मराठवाड्यातले घर प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, कारण ते मरण त्यांच्या लेखी हृदयविकाराचे नसतेच. लांब क्यू-टीचा एक ठळक प्रकार पोहताना घात करतो. आपल्याकडे पोरे विहिरीत पोहायला शिकतात. तेव्हा ‘पट्टीचा पोहणारा असून कुणी विहिरीत बुडालं का’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा. याच विकारात बेताल झालेले हृदय मेंदूला रक्त पोचवत नाही आणि अंगाला झटके येतात, म्हणून कित्येकांना वर्षानुवर्षे मिरगीच्या गोळ्या चालू असतात. ‘फेफरं कुणाला येत होतं, आणि ते खेळताना की झोपेत’ हे विचारावे. तिसरा प्रश्न जन्मतः मुक्याबहिऱ्या भावंडाचा. १९५७ साली येरवेल आणि लांगे-नील्सन यांनी नॉर्वेतल्या एका घराची हकिगत नोंदवली. सहा भावंडांपैकी चार बहिरी, त्यांना घेऱ्या येत, आणि तिघे चौथ्या, पाचव्या, नवव्या वर्षी अचानक गेले. हा दोष आई-बाप दोघांकडून आला तरच असा प्रकट होतो, आणि नात्यातल्या लग्नात तशी शक्यता वाढते. नांदेड-लातूरच्या पट्ट्यात, विशेषतः तेलंगण-कर्नाटकाच्या सीमेकडे, मामाची मुलगी करणे ही जुनी रीत आहे. या रीतीवर टीका करणे हा या पुस्तिकेचा विषय नाही. पण बहिऱ्या लेकराला घेरी आली तर कानाच्या तपासणीबरोबर एक ईसीजी काढावा, इतके त्या रीतीच्या मुलखात तरी सर्वांना ठाऊक हवे. शिवाय अशा मुलाला उलटी-जुलाब झाले, अंगातले पोटॅशियम उतरले आणि वरून ऑन्डान्सेट्रॉनचे इंजेक्शन आणि अॅझिथ्रोमायसिनची गोळी एकदम दिली, तर क्यू-टी आणखी लांबतो. दोन्ही औषधे चांगली आहेत, गल्लीगल्लीत मिळतात, आणि बाकी नव्याण्णव टक्के लोकांना ती खुशाल द्यावीत.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: लोकांच्या आठवणीवर निदान उभारायचे का? लोक विसरतात, लपवतात. सोयरीक मोडेल म्हणून घरातले फेफरे कुणी सांगत नाही. आक्षेप खरा आहे. पण तो प्रश्न नीट विचारण्याच्या बाजूने जातो, न विचारण्याच्या बाजूने नव्हे. ‘कुटुंबाचा इतिहास’ हा रकाना भरण्यापुरते विचारले तर उत्तर ‘नाही’च येणार. आजीला, आत्याला, घरातल्या म्हाताऱ्याला बसवून, गेलेल्या माणसांची नावे एकेक घेत विचारले की चित्र पालटते. आपल्या खेड्यांत चार पिढ्यांची नाती तोंडपाठ असलेली माणसे अजून आहेत. मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाला हे भांडवल मिळत नाही. हे काम आशा कार्यकर्ती डॉक्टरपेक्षा सरस करील, असे मला वाटते. जनुकांची तपासणी हा पर्याय म्हणून पुढे केला जातो, पण तिचे उत्तरही घराण्याच्या माहितीवाचून लावता येत नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले, की हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातला २५ अक्षरांचा तुकडा सुमारे ४ टक्के भारतीयांत गळालेला असतो आणि हृदय कमकुवत होण्याशी त्याचा संबंध आहे. हैदराबादच्या प्रयोगशाळेतला हा शोध आपल्या अभिमानाचा आहे. तरीही शंभरातले चौघे काही हृदयरोगी होत नाहीत. तो तुकडा गळालेले कितीतरी जण म्हातारे होऊन जातात. तेव्हा नुसत्या अहवालावरून कुणाला घाबरवता येत नाही आणि निर्धास्तही करता येत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. इतके विचारत बसण्यापेक्षा प्रत्येक तरुणाचा ईसीजी का काढू नये? इटलीने १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना तो सक्तीचा केला. व्हेनेतो प्रांतात खेळाडूंमधले आकस्मिक हृदयमृत्यू १९७९ ते २००४ या काळात लाखामागे वर्षाला ३.६ वरून ०.४ वर आले. हा पुरावा मोठा आहे आणि तो हातावेगळा करता येत नाही. पण इस्रायलनेही अशी सक्ती केली आणि तिथे आधीच्या आणि नंतरच्या मृत्युदरात फरक पडला नाही. शिवाय इटलीत पट्टी काढण्याबरोबर ती वाचणाऱ्या क्रीडावैद्यांची फौज उभी राहिली. पुढच्या तपासणीची वाट बांधलेली होती. आपल्याकडे यंत्राने छापलेल्या शेऱ्यावर पोरे ‘हार्टपेशंट’ ठरतील, लग्ने मोडतील, आणि खरा लांब क्यू-टी ‘बॉर्डरलाइन’ म्हणून सुटेल. सरसकट पट्ट्यांपेक्षा निवडून काढलेली पट्टी बरी: ज्याला धावताना घेरी आली, ज्याच्या घरी कुणी पस्तिशीच्या आत अचानक गेले, ज्याच्या छातीत स्टेथोस्कोपला आवाज येतो, त्याची. पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी मात्र मी हा आग्रह सैल करीन. ही पोरे पहाटे, बहुधा उपाशीपोटी, डांबरी रस्त्यावर १६०० मीटरची वेळ मारत जिवाच्या आकांताने पळतात. भरतीच्या दिवशी रात्रभर फलाटावर झोपून मैदानात उतरतात. झारखंडमध्ये २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या दहा किलोमीटर धावण्यात दहाहून अधिक उमेदवार दगावले. त्या सगळ्यांचे कारण हृदयाचा ताल होता असे कुणी म्हणू नये. उष्मा आणि थकवाही तिथे होता. पण इतक्या टोकाचे श्रम करून घ्यायचे, तर आधी चार प्रश्न आणि एक पट्टी ही फार मोठी मागणी नव्हे.

तिसरा आक्षेप चावडीवरचा आहे आणि म्हणूनच टाळता येत नाही: ही तरणी मरणे कोरोनाच्या लसीने वाढली. आयसीएमआरने नेमका हाच प्रश्न घेऊन ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ मध्ये १८ ते ४५ वयोगटातल्या, आधी धडधाकट असलेल्या ७२९ जणांच्या आकस्मिक मृत्यूंची तुलना २,९१६ जिवंत माणसांशी केली. लसीने धोका वाढल्याचे दिसले नाही; दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमी होता. वाढला तो कोरोनाने इस्पितळात भरती झालेल्यांत, मरणाआधीच्या अठ्ठेचाळीस तासांत बेसुमार दारू किंवा नशा केलेल्यांत, अतिश्रम केलेल्यांत, आणि घरात आकस्मिक मृत्यू झालेल्यांत. या शेवटच्या गटात सुमारे अडीचपट. अभ्यासाला मर्यादा आहे. माहिती नातेवाइकांच्या तोंडून आली आणि सगळे मृत्यू तालाच्या विकाराचे नव्हते. परदेशात तरुणांच्या हृदयाला सूज आणणारी म्हणून जी गाजली ती एम-आरएनए जातीची लस होती. आपल्याकडे प्रामुख्याने कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन दिल्या गेल्या. लसीच्या वादात जो आकडा झाकोळला तो अडीचपटीचा, आणि तो पुन्हा आपल्याला घराण्याच्या प्रश्नापाशी आणून सोडतो.

‘बाकी तब्येत ठणठणीत’ हे विधानही तपासूनच घ्यावे लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. रक्त कमी असेल तर हृदय जलद धावणारच, त्याला हिमोग्लोबिनची तपासणी पुरते. थायरॉइड, तंबाखू, टपरीवरची एनर्जी ड्रिंक, दिवसाचे दहा चहा हे पाठोपाठ येतात. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, हे विचारायला विसरू नये. संधिवाताच्या तापाने झडप आकसलेली पोरगी पहिल्या बाळंतपणापर्यंत ‘निरोगी’ म्हणूनच वावरते. आणि रानात विंचू असतोच. लाल विंचवाच्या विषाने तासाभरात धडधाकट माणसाचे ठोके बेताल होतात, हातपाय गार पडतात, फुप्फुसांत पाणी भरते. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या परिसरात काम करताना या लक्षणांची क्रमवार नोंद ठेवली, ती १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली, आणि प्राझोसिन या स्वस्त गोळीने त्यांनी पूर्वी दहांतले तीन-चार नेणारा हा दंश आटोक्यात आणला. २०२२ ची पद्मश्री हा त्याचा उशिरा झालेला गौरव. त्यांच्याजवळ मोठे यंत्र नव्हते. रुग्णाच्या उशाशी बसून विचारणे, नाडी, बीपी आणि जमेल तेव्हा पट्टी, एवढेच होते. खुद्द मुखेडमध्ये सर्पदंशाच्या उपचारात डॉ. दिलीप पुंडे यांचे नाव घेतले जाते, आणि दंश झाल्यापासून किती मिनिटे गेली हे सांगायला इथले लोक शिकले आहेत. धडधडीची वेळही ते तशीच सांगू शकतील.

चौथी अडचण आक्षेपाची नाही, पोटाची आहे. ज्याने दोन वर्षे भरतीसाठी पळापळ केली, तो मैदानात आलेली घेरी कशाला सांगेल? प्रशिक्षकही ‘डिहायड्रेशन’ म्हणून सोडून देतो. पोरगा कोसळल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवली जाते. श्वास नाही आणि हाक मारूनही हालचाल नाही, तर छातीच्या मधोमध मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहायचे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा, हे पळणाऱ्या प्रत्येक घोळक्यातल्या दोघांना तरी यायला हवे, कारण गाडी येईपर्यंत छाती न दाबता गेलेले प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी करते. पण लपवण्याच्या प्रश्नाला नुसते शहाणपण सांगून उत्तर मिळत नाही. लपवून काय गमावले जाते हे दाखवावे लागते. जादा फाटा असलेला पोरगा तो बंद करून घेऊन पुन्हा पळू शकतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होते. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते, तेव्हा भरतीच्या आधी सहा महिने पट्टी घेऊन चौकशी केली तर वाट सापडू शकते. अवेळी ठोक्यांच्या पोराला तर बहुधा काहीच सोडावे लागत नाही. उरतात ते जाड स्नायूचे आणि लांब क्यू-टीचे. त्यांना रोजची गोळी, काहींना छातीत बसवायचे यंत्र, आणि स्पर्धेच्या धावण्याबद्दल तज्ज्ञाशी सावकाश बोलणे लागते. भरतीचे दार त्यांतल्या बहुतेकांना बंदच होईल, आणि ते त्यांना तोंडावर सांगायचे कसे, याला पुढचे एक अख्खे प्रकरण दिले आहे.